बोल्ड म्हणजे मथळा नव्हे

मंडळी, या शनिवारी खरं तर मोबाईलच्या बॅटरीवर लिहायचं ठरवलं होतं. अर्धं लिहूनही झालं होतं. पण गेला महिनाभर डोक्यात वेगळाच भुंगा गुणगुणतोय, आणि तो बाहेर काढल्याशिवाय दुसरं काही सुचणार नाही. विषय सांगितला की अर्धे लोक इथूनच पळ काढतील याची कल्पना आहे. विषय आहे फॉरमॅटिंग. चार जणांनी मिळून लिहायच्या शेअर्ड डॉक्युमेंटमधलं फॉरमॅटिंग. हेडिंग, नंबरिंग, एंटर, स्पेस वगैरे.

"यावर निबंध? वेळ जात नाही का तुझा?" असं बायकोने विचारून झालेलं आहे. तुम्ही परत विचारू नका :-)

तर झालं असं. आमचं घर चारकोपला. चारकोप ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कांदिवली पश्चिमेला, डहाणूकरवाडी मेट्रो स्टेशनवरून रिक्षा केली की येतो तो भाग. १९८५ साली मंजूर झालेल्या, जागतिक बँकेच्या पैशावर उभ्या राहिलेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात म्हाडाने इथे प्लॉट पाडले. रस्ते, पाणी, गटारं सरकारने द्यायची आणि घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचं, अशी ती योजना. मधे एक चौक, चौकाभोवती छोटी छोटी घरं, आणि त्या घरांची मिळून एक सहकारी सोसायटी. आमच्या सोसायटीत पस्तीस घरं. बाबांनी आधी एक खोली बांधली, मग पोटमाळा, मग वरचा मजला. मी त्या वरच्या मजल्यावर अभ्यास करून इंजिनियर झालो.

आता आमच्याकडे रिडेव्हलपमेंटचं वारं आहे. बिल्डरच्या वकिलाकडून करारनाम्याचा मसुदा आला. इंग्रजी मसुदा आणि त्याचं मराठी भाषांतर, दोन्ही पीडीएफ. कमिटीने ठरवलं की मराठी मसुदा एका शेअर्ड डॉक्युमेंटमध्ये टाकायचा, सगळ्यांनी त्यात आपापल्या हरकती आणि दुरुस्त्या लिहायच्या, आणि ती प्रत विशेष सर्वसाधारण सभेपुढे ठेवायची. कल्पना उत्तम. काम कोणाला? अर्थात "कॉम्प्युटरवाल्या"ला. म्हणजे मला.

शुक्रवारी रात्री ऑफिसमधून आलो, जेवलो, पीडीएफमधून सगळा मजकूर उचलला आणि डॉक्युमेंटमध्ये ओतला. ओळी मधेच तुटल्या होत्या, त्या जोडल्या. कलमांची नावं होती ती ठळक केली. पीडीएफमधून उचलल्यामुळे कलमांचे आकडे नुसते टाईप केलेल्या अक्षरांसारखे आले होते, ते तसेच ठेवले. "नंतर नीट करू." हे तीन शब्द लक्षात ठेवा.

मग दुरुस्त्या सुरू झाल्या. कॉर्पसबद्दल मसुद्यात एक अवाक्षर नव्हतं, म्हणून अकराव्या कलमानंतर नवीन बारावं कलम घालायचं ठरलं. तेही मीच घातलं. रात्री साडेबाराला. आणि मोठ्या कर्तव्यदक्षतेने पुढच्या प्रत्येक कलमाचा आकडा हाताने एकाने वाढवला. बाराचं तेरा, तेराचं चौदा, असं करत करत शेवटपर्यंत. स्वतःवर खूश होऊन झोपलो.

दोन आठवड्यांनी, सभेच्या आदल्या दिवशी, समोरच्या घरातल्या काकूंचा फोन आला. काकू शाळेतून निवृत्त झालेल्या, क्लार्क होत्या. नाक्यावरून झेरॉक्स काढून आणून, पेन्सिल हातात घेऊन त्यांनी अख्खा मसुदा वाचला होता. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. पस्तीस घरांत असं करणाऱ्या बहुधा त्या एकट्याच.

"अरे, मला एक सांग. बिल्डरने भाडं थकवलं तर आपण पार्किंगमध्ये जाऊन बसायचं का?"

मला काही कळेना. "म्हणजे काय काकू?"

"नवव्या कलमात लिहिलंय, सलग दोन महिने भाडं न मिळाल्यास संस्था कलम १७ प्रमाणे कारवाई करेल. आणि कलम १७ आहे पार्किंगचं. कोणाला किती गाड्या लावायच्या ते. बघ बरं उघडून."

उघडून बघितलं. पोटात गोळा आला. मूळ मसुद्यात सतरावं कलम होतं बँक गॅरंटीचं. बिल्डरने भाडं बुडवलं, काम अर्धवट सोडलं, तर संस्थेने ती गॅरंटी वटवायची, असं. मी मधे एक कलम घुसवलं, बँक गॅरंटी गेली अठरावर, आणि सोळावरचं पार्किंग आलं सतरावर. मथळ्यांचे आकडे मी बदलले. पण मजकुराच्या पोटात "कलम १७ प्रमाणे" असे जे उल्लेख होते, ते तसेच राहिले. त्या रात्री बसून शोधले तर असे सात उल्लेख सापडले. सातही चुकीच्या कलमाकडे बोट दाखवत होते.

आता बँक गॅरंटी ही काही शोभेची वस्तू नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ) खाली पुनर्विकासासाठी ३ जानेवारी २००९ ला मार्गदर्शक सूचना निघाल्या, ४ जुलै २०१९ ला त्या सुधारल्या. प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी विकासकाकडून घ्यायची, हे त्यात आहे. कारण एकदा आपण घर रिकामं करून भाड्याच्या जागेत गेलो की आपल्या हातात कागदाशिवाय काही राहत नाही. आणि तो कागद म्हणतोय, भाडं थकलं तर पार्किंगचं कलम बघा!

"वकिलाच्या लक्षात आलं असतंच की शेवटी." आलं असतं कदाचित. पण सभेत हात वर होणार होते ते आमच्या या प्रतीवर. आणि "कोणीतरी बघेलच" हे वाक्य मी प्रोजेक्ट्समध्ये इतक्या वेळा ऐकलंय, की ज्याने ते बघायचं असतं तो "कोणीतरी" आजवर मला भेटलेला नाही.

ऑफिसमध्ये कोणी कोडमध्ये असा आकडा थेट हाताने लिहिला, की मी रिव्ह्यूमध्ये त्याची सालटी काढतो. "हार्डकोड का केलंस? उद्या बदललं तर?" ही माझी आवडती वाक्यं. ज्युनियर पोरं माझी नक्कल करतात असं ऐकून आहे. आणि तोच मी, स्वतःच्या आईबापाच्या घराच्या कागदावर, सगळे आकडे हाताने टाकून मोकळा झालो. कारण काय, तर ते "कोड" नव्हतं, "नुसतं डॉक्युमेंट" होतं.

इथेच माझं भांडण आहे. माझ्याशी, आणि तुमच्याशीही.

आपण सगळ्यांनी एक समजूत करून घेतलीय की मजकूर महत्त्वाचा आणि फॉरमॅटिंग म्हणजे पावडर-लिपस्टिक. वेळ उरला तर करायची. याला कारण आहे. आपण कॉम्प्युटर क्लासमध्ये पहिल्या दिवशी काय शिकलो? बी, आय, यू. ठळक, तिरपं, अधोरेखित. मग फाँटचा आकार. मग रंग. एखादी ओळ मथळ्यासारखी *दिसावी* कशी हे शिकलो. ती ओळ मथळा *आहे* असं मशीनला सांगायचं असतं, हे कोणी सांगितलंच नाही.

दोन्हींत फरक काय? कागदावर काहीच नाही. स्क्रीनवरही बघायला काही नाही. पण तुम्ही ओळ नुसती ठळक आणि मोठी केलीत, तर ती मथळा आहे हे फक्त तुमच्या डोळ्यांना माहीत आहे. मशीनच्या लेखी ती इतर ओळींसारखीच एक ओळ, जरा जाड. बाजूच्या आउटलाइनमध्ये ती येईलच याचा भरवसा नाही. अनुक्रमणिकेत येत नाही. मथळा म्हणून तिची लिंक देता येत नाही. आमच्या सोसायटीतले एक आजोबा डोळ्यांनी अधू आहेत, फोनवरून वाचून घेतात. स्क्रीन रीडर मथळ्यावरून मथळ्यावर उड्या मारू शकतो, पण मथळे असतील तर! माझ्या त्या डॉक्युमेंटमध्ये एकही मथळा नव्हता. आजोबांसाठी ती चाळीस पानांची सलग एक ओळ होती.

चारकोपचंच उदाहरण घ्या. आमचा पत्ता कसा असतो? सेक्टर अमुक, आरएससी रोड तमुक, प्लॉट इतका, घर इतकं. मोठ्यातून छोट्यात. नवीन कुरियरवालाही विचारपूस न करता दारात येतो. याउलट मुंबईतले बाकीचे पत्ते बघा. पिठाच्या गिरणीच्या मागे, जुन्या डेअरीच्या समोर. गिरणी बंद पडली की पत्ता गेला. आपली बहुतेक शेअर्ड डॉक्युमेंट्स या गिरणीमागच्या पत्त्यांवर चालतात. "अरे ते बघ ना, मधे कुठेतरी लाल रंगात लिहिलंय." "तो पिवळ्या हायलाइटच्या खालचा पॅरा." "पान नंबर १४ वर." तुमच्या लॅपटॉपवर पान नंबर १४, माझ्या फोनवर पानंच नाहीत. काकूंच्या झेरॉक्सवर लाल रंग नाही, पिवळाही नाही, सगळं राखाडी.

एकट्याने लिहिलेल्या कागदावर गिरणीमागचा पत्ता चालतो, कारण गिरणी कुठे होती हे लिहिणाऱ्याला आठवत असतं. पस्तीस जण एकाच कागदावर लिहायला लागले की चालत नाही. कोणीतरी गिरणी हलवतोच. त्या रात्री ती मी हलवली.

आणि हे सगळं काही सिलिकॉन व्हॅलीतून आलेलं नवीन फॅड नाही. दासबोध घ्या. वीस दशक, प्रत्येक दशकात दहा समास, म्हणजे दोनशे समास, प्रत्येक समासात क्रमांकित ओव्या. आज तुम्ही कोणत्याही छापखान्याची प्रत घ्या, खिशातली घ्या नाहीतर चौरंगावर ठेवायची मोठी घ्या, "दशक दुसरा, समास पहिला" म्हटलं की सगळे मूर्खलक्षणांवरच येतात. पान नंबर विचारायची गरज नाही. साडेतीनशे वर्षांत किती प्रती हाताने उतरवल्या गेल्या, किती छापल्या गेल्या, पत्ता हलला नाही. याला म्हणतात स्ट्रक्चर.

त्याच ग्रंथात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास चक्क लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसं काढावं, दोन ओळींत अंतर कसं असावं, असं अगदी बारकाईने. मला त्यातल्या तीन गोष्टी आवडतात. एक, ग्रंथाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सगळं एकसारखं दिसलं पाहिजे. दोन, कागदाच्या चारी बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कडा झिजून गेल्या तरी अक्षर जात नाही. आणि तीन, तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही, मध्यम लिहावं. नऊ पॉइंटच्या फिकट राखाडी अक्षरात डॉक्युमेंट बनवणाऱ्या माझ्या डिझायनर मित्रांनी हा समास फ्रेम करून लावावा. समर्थांचा विचार सरळ आहे: लिहिलेलं माझ्यासाठी नाही, पुढच्यासाठी आहे, आणि तो पुढचा माझ्यापेक्षा म्हातारा असेल, कागद माझ्या हातातल्यापेक्षा जुना झालेला असेल.

कॉम्प्युटरच्या दुनियेतही ज्यांनी हे पहिल्यांदा डोकं लावून केलं त्यांना हे कळत होतं. डग्लस एंगेलबार्टने ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत जे प्रात्यक्षिक दाखवलं, ते माऊसमुळे प्रसिद्ध झालं. पण त्यात त्याने दाखवलेला मजकूर पायऱ्यापायऱ्यांचा होता. मुद्दा, उपमुद्दा, त्याखालचा मुद्दा. हवं तेवढंच उघडून बघायचं, बाकी मिटवून ठेवायचं. आणि दूर मेन्लो पार्कमध्ये बसलेला सहकारी त्याच वेळी त्याच स्क्रीनवर त्याच्याबरोबर काम करत होता. म्हणजे एकत्र लिहिणं आणि मजकुराला रचना असणं, या दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून जोडीने आल्या होत्या. पुढे "जसं दिसतं तसं छापतं" वाले एडिटर आले, छान झालं, सगळ्यांना वापरता आले. २००५ साली राइटली आलं, २००६ मध्ये गुगलने ते घेतलं आणि त्याचं गुगल डॉक्स झालं. एकत्र लिहिणं फुकट आणि सोपं झालं. रचना मात्र मेनूच्या एका कोपऱ्यात जाऊन बसली, आणि बी-आय-यू राहिले समोर.

आता तुमचे आक्षेप. मला पाठ आहेत.

"कंटेंट चांगला असला की झालं." आमच्या मसुद्यातला कंटेंट उत्तम होता. एकेक वाक्य वाचा, बिनचूक. चूक होती ती वाक्यांच्या एकमेकांशी असलेल्या नात्यात. करार असो की रिक्वायरमेंट डॉक्युमेंट, तिथे हे नातं हाच कंटेंट असतो.

"वेळ नाही." मला वाटलं होतं मी त्या शुक्रवारी तासभर वाचवला. सभेच्या आदल्या रात्री तीन वाजेपर्यंत बसून तो व्याजासकट फेडला. आणि तो तास वाचवताना मी काकूंचा किती वेळ खाल्ला याचा हिशेब वेगळाच. चाळीस पानं पेन्सिलने वाचायला त्यांना चार दिवस लागले. शेअर्ड डॉक्युमेंटमध्ये लिहिणारा एक असतो आणि वाचणारे पस्तीस. लिहिणाऱ्याने वाचवलेलं मिनिट वाचणाऱ्यांच्या खात्यातून पस्तीस वेळा कापलं जातं.

"एआयला टाकू, तो नीट करून देईल." हा नवीन. टाकून बघितला मी. गोड शब्दांत सारांश दिला: भाडं थकल्यास संस्थेला कलम १७ प्रमाणे कारवाईचा अधिकार आहे. बरोबर आहे की! कागदावर तेच लिहिलंय. कलम १७ म्हणजे लिहिणाऱ्याच्या मनात बँक गॅरंटी होती, हे कागदावर कुठेच नव्हतं. मथळ्याशी जोडलेली लिंक असती तर ते माणसालाही कळलं असतं आणि मशीनलाही. नीट विचारलं असतं तर सापडलंही असतं कदाचित, पण नीट काय विचारायचं हे माहीत असतं तर मुळात चूकच झाली नसती.

"आमच्या टीममध्ये फॉरमॅटिंग मस्त असतं." मस्त म्हणजे काय? प्रत्येक मथळ्याआधी रॉकेटचं चित्र, तीन रंगांचे डबे, टेबलात टेबल. ही दुसरी जमात. पहिली जमात काहीच करत नाही, दुसरी भलतंच करते. लग्नाच्या मांडवासारखं सजवलेलं डॉक्युमेंट फोनवर उघडलं की कळतं. टेबलाची तिसरी कॉलम स्क्रीनबाहेर, आणि नेमकी रक्कम त्या तिसऱ्या कॉलममध्ये.

नुसती शिव्याशाप देऊन थांबणं बरं नाही. तेव्हा आमच्या सोसायटीत आता जे नियम केलेत ते देतो. तुमच्या ऑफिसलाही लागू पडतील.

१. मथळ्याला मथळाच म्हणा. कंट्रोल-ऑल्ट-१ म्हणजे मोठा मथळा, २ म्हणजे त्याखालचा, ३ म्हणजे त्याखालचा. गुगल डॉक्सलाही चालतं, वर्डलाही. दिसणं आवडलं नाही तर एका मथळ्याचं रूप बदला आणि "सगळ्यांना लावा" म्हणा. शंभर ठिकाणी जाऊन ठळक करत बसू नका. आणि तीन पायऱ्यांच्या खाली उतरायची वेळ आली, तर मुद्दाच नीट सुचलेला नाही असं समजा.

२. आकडे हाताने टाकायचे नाहीत. क्रमांकित यादीचं बटण त्यासाठीच आहे. मधे कलम घातलं की पुढचे आकडे आपोआप सरकतात.

३. दुसऱ्या कलमाचा उल्लेख करताना नुसता आकडा नको, नाव आणि लिंक द्या. "कलम १७ प्रमाणे" असं न लिहिता "'बँक गॅरंटी' या कलमाप्रमाणे" असं लिहा आणि त्या मथळ्याची लिंक द्या. कलम कुठेही सरकलं तरी लिंक तिथेच नेते, आणि झेरॉक्सवर वाचणाऱ्याला नाव तरी कळतं. वकिलाला आकडा हवाच असतो, तो सगळ्यात शेवटी, सगळं गोठल्यावर टाका आणि एकदा शोधून तपासा.

४. एंटर मारून जागा सोडू नका. नवीन पान हवं तर कंट्रोल-एंटर. बारा वेळा एंटर मारून पुढच्या पानावर गेलात, की वर कोणी एक ओळ वाढवली तरी तुमचा मथळा घसरतो. स्पेस देऊन रकाने जुळवणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही, सभ्य लोक वाचतात हे.

५. बाहेरून आणलेला मजकूर कोरा करून चिकटवा. कंट्रोल-शिफ्ट-व्ही. नाहीतर व्हॉट्सॲपवरचा एक फाँट, मेलवरचा दुसरा आणि वकिलाचा तिसरा, असं कडबोळं होतं. जुनी मराठी फाइल युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असेल तर आधी कन्व्हर्टर वापरा. नाहीतर १९९८ सालच्या ठरावाच्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते, आणि तो ठराव तुम्हाला शोधूनही सापडत नाही.

६. देवनागरी ही देवनागरी आहे. आपल्याकडे कॅपिटल अक्षरं नाहीत, त्यामुळे मथळा ओळखू यायला आकार आणि मोकळी जागा हीच साधनं. अधोरेखन टाळा, रेघ नेमकी उकार आणि रफारांच्या खालच्या भावंडांवरून जाते. "कृ" आणि "कु" मधला फरक झेरॉक्सवर गायब. तिरपं अक्षर हे आपल्या लिपीचं नाही, मशीन ते नुसतं वाकवतं. आणि बारीक आकारात ठळक केलेली जोडाक्षरं शाईचा डाग दिसतात.

७. रंग हा अर्थ नव्हे. "लाल म्हणजे हरकत, हिरवा म्हणजे मान्य" असं चालणार नाही. "हरकत" असा शब्द लिहा. रंग न ओळखता येणारी माणसं असतात, आणि नाक्यावरचा झेरॉक्सवाला तर कोणालाच रंग ओळखू देत नाही.

८. दुसऱ्याच्या मजकुरात थेट हात घालायचा नाही. सजेशन मोड २०१४ पासून आहे. सुचवा, ज्याची जबाबदारी आहे तो मान्य करेल. आणि प्रत्येक बैठकीनंतरच्या आवृत्तीला नाव द्या, म्हणजे "हे कोणी बदललं" यावर चौकात भांडण होत नाही.

९. एका पानाचं एक काम. मसुदा वेगळा, हरकती वेगळ्या, निर्णय वेगळे. २०२४ पासून गुगल डॉक्समध्ये टॅब आहेत, एकाच फाइलमध्ये तीन टॅब करा. मसुद्याच्या मधोमध "काका म्हणतात हे बरोबर नाही" असं लिहायचं, मग त्याखाली कोणीतरी "मलाही तेच वाटतं" लिहायचं, आणि छापताना ते करारात जायचं, असा प्रकार आमच्याकडे होता होता राहिलाय.

नऊच नियम. एका रविवारी सकाळी, कमिटीतल्या दोघांना आणि त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या पोरांना घेऊन बसलो, तीन तासांत अख्खा मसुदा नीट झाला. पोरांनी तर पहिल्या अर्ध्या तासातच मला मागे टाकलं. शेवटी अनुक्रमणिकेचं एक बटण दाबलं आणि दोन पानांत सगळा करार समोर उलगडला. तेव्हा आणखी एक गंमत कळली. ताबा मिळायला उशीर झाल्यास काय, याचं कलमच मसुद्यात नव्हतं! चाळीस पानांच्या ढिगात ते "नाही" कोणाला दिसलं नव्हतं. यादी समोर आल्यावर सेक्रेटरी काकांना पाच मिनिटांत दिसलं. काय आहे हे वाचून कळतं. काय नाही हे कळायला रचना लागते.

सभा आम्ही पुढे ढकलली. काही जण वैतागले, "एका आकड्यापायी?" म्हणून. त्यांना नववं कलम वाचून दाखवलं, मग गप्प बसले.

ती सभा उद्या आहे. नव्या प्रतीच्या पस्तीस झेरॉक्स काढल्यात, तेरा पॉइंटच्या अक्षरात, चारी बाजूंना जागा सोडून. काल एक प्रत काकूंना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावला, अनुक्रमणिकेवर बोट फिरवलं, "बँक गॅरंटी"वर थांबल्या, पान काढलं, वाचलं. मग नववं कलम काढून तिथलं नाव या नावाशी जुळतंय का ते ताडून बघितलं. आणि मग पेन्सिल उचलून परत पहिल्या पानापासून वाचायला लागल्या.

असो. बॅटरीबद्दल पुढच्या शनिवारी.